खिळ्यावरची शिट्टी

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत शिट्टी वाजली. एकदाच, आणि तीही धड नाही. फुंकर अर्ध्यातच संपली. त्या वेळी क्रेनच्या आकड्याला साडेआठशे किलो वितळलेलं लोखंड लटकत होतं आणि साच्याच्या तोंडापासून ते हातभर अंतरावर आलं होतं.

रंगनाथअण्णा गांगुर्ड्यांनी उजवा हात वर केला. क्रेनची बटणं धरून चालणाऱ्या मुस्तकीमनं अंगठा उचलला. लोखंडानं भरलेलं ते बादलीच्या आकाराचं भांडं, ज्याला इथं सगळे लॅडल म्हणतात, जरासं झुललं आणि स्थिर झालं.

मग अण्णांनी मागं वळून पाहिलं. शिट्टी अजून स्नेहलच्या ओठांत होती. ती काढायची तिला सुचत नव्हतं. डोळ्यांवरच्या निळ्या काचेत लॅडलची पिवळी कडा चमकत होती आणि दोन्ही हात तिनं पाठीमागं घट्ट धरले होते, पहिल्या महिन्यात नव्या माणसाला धरायला लावतात तसेच.

"काय झालं?" अमोल देवरेंनी विचारलं. ते पुण्याहून आले होते. हा साचा होता त्यांच्या कंपनीच्या प्रेस मशीनच्या बैठकीचा, आणि ओतकाम डोळ्यांनी पाहून अहवाल लिहायचा ही त्यांची नोकरी.

"शिट्टी झाली," अण्णा म्हणाले.

"ते ऐकलं हो मी. कशासाठी झाली?"

"ते अजून विचारायचं नाही."

देवरेंनी मालकीणबाईंकडे पाहिलं. उज्वलाताईंनी आठ वर्षांपूर्वी ही फाउंड्री हातात घेतली तेव्हा त्यांना लोखंडातलं काही कळत नव्हतं, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आता त्या हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाल्या, "भट्टीत परत घ्या, अण्णा."

"ताई, ही मुलगी ट्रेनी आहे ना?"

"हो. पाच महिने झाले."

"मग पोअरिंग कोण थांबवतं, हे मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहा," उज्वलाताई म्हणाल्या. "नाव स्नेहल शिंदे. स्नेहा नाही, स्नेहल."

लॅडल उलट्या वाटेनं निघालं. तेराशे ऐंशी अंशांचं लोखंड पाहायची सवय होते असं लोक म्हणतात. अण्णांना छत्तीस वर्षांत झाली नव्हती. ते पाण्यासारखं हलतं, पण पाण्यासारखं वाटत नाही. त्याच्यावर एक साय धरते, ती फाटते, आणि खालून असा उजेड वर येतो की शेडमधल्या सगळ्या माणसांची तोंडं एकाच वेळी तरुण दिसतात. भट्टीच्या तोंडाशी लॅडल कललं, लोखंडाची जाड धार आत पडली, ठिणग्यांचा फुलोरा छताच्या पत्र्यापर्यंत गेला. अठरा माणसं उभी होती. सगळं लोखंड परत जायला सहा मिनिटं लागली.

त्या सहा मिनिटांत अण्णा मनानं दुसऱ्याच एका शेडमध्ये जाऊन आले. ती फाउंड्री आता नाही. तिच्या जागेवर गोदाम आहे. तिथं एकवीस वर्षांच्या रंगनाथनं एकदा 'थांबा' असं म्हटलं होतं. उस्तादानं लगेच विचारलं, "का?" रंगनाथ कारण शोधू लागला. काहीतरी दिसलं होतं एवढं नक्की, पण ते शब्दांत बसेना. तो 'म्हणजे... तिकडं...' करत राहिला आणि तेवढ्यात लोखंड आत गेलं. साच्याच्या वाळूत पाणी राहिलं की लोखंड त्याची क्षणात वाफ करतं, आणि वाफेला वाट मिळाली नाही तर ती लोखंडच वर फेकते. त्याच्याच गावचा यादव समोर उभा होता. यादवचा डावा डोळा गेला. उस्ताद वाईट माणूस नव्हता. त्यानं फक्त कारण विचारलं होतं.

म्हणून इथं फोरमन झाल्यावर अण्णांनी भट्टीशेजारच्या खांबाला खिळा ठोकला आणि त्यावर पितळी शिट्टी अडकवली. ओतकामाच्या दिवशी ती सगळ्यांत नव्या माणसाच्या गळ्यात. ती गळ्यात गेल्याशिवाय भट्टी कलवायची नाही. वाजली की लोखंड परत, आणि ते परत जाईपर्यंत वाजवणाऱ्याला एक प्रश्नही विचारायचा नाही. जुन्यांनी पुष्कळ हसून घेतलं. तेरा वर्षं झाली. अकरा नव्या पोरांनी ती शिट्टी घातली, काहींनी तिच्यावरून मस्करी केली, एकानं ती लग्नाच्या वरातीत नेली आणि शिव्या खाल्ल्या. ओतकामात वाजवली कुणीच नाही. ऑगस्टअखेर अण्णा निवृत्त होणार होते. अलीकडे त्यांच्या मनात यायचं की आपण तेरा वर्षं खांबाला एक दागिना घातला.

भट्टीचं झाकण बसलं. अण्णा स्नेहलजवळ गेले.

"आता सांग पोरी. काय दिसलं?"

तिनं शिट्टी तोंडातून काढली. "माहीत नाय, अण्णा."

"बरं."

"खरंच माहीत नाय. लॅडल आलं आणि शिट्टी तोंडात गेली. चुकलं असंल माझं."

"चुकलं की नाही ते साच्याची पेटी बघून कळेल. तू पाणी पी."

पण पेटी उघडायची म्हणजे कादरभाईंच्या कामावर हात घालायचा. कादरभाई मालेगावचे, बाप मागावर बसायचा, हा मुलगा वाळूकडे वळला आणि बावीस वर्षं साचे घडवत होता. त्यांच्या साच्यावर कुणी शंका घेतली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला.

"खोलो," ते म्हणाले. "बघू या बेटीला काय दिसलं ते. तीन दिवस घातलेत मी या पेटीत."

दोन पेट्यांपैकी वरची क्रेननं उचलली. साच्याच्या कडा ढासळल्या, तीन दिवसांचं काम तिथंच मोडलं. आतली पोकळी काळीभोर, गुळगुळीत, शाईनं रंगवल्यासारखी. कादरभाईंनी मूठभर वाळू उचलली, दाबली, सोडली. भुगा झाली. दुसऱ्या कोपऱ्यातून उचलली. भुगा.

"सूखी आहे," ते म्हणाले. आवाज वर चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. स्नेहल जमिनीकडे पाहू लागली.

मुस्तकीम कादरभाईंचा पुतण्या. त्याच्यानं राहवलं नाही. "आजपर्यंत पोरं पोरींना शिट्टी मारतात ऐकलं होतं. हिनं तर डायरेक्ट लोखंडाला मारली!"

दोघं-तिघं हसले. उज्वलाताईंनी वळून पाहिलं तसं हसू विरलं. देवरे वहीत काहीतरी लिहीत होते. अण्णांना वही दिसली, आणि मग दुसरी एक वही आठवली.

"स्नेहल, तुझी वही आण."

ही अण्णांची दुसरी पद्धत. नव्या माणसाला पहिला महिनाभर काम द्यायचं नाही. हात पाठीमागं बांधून शेडभर फिरायचं आणि रोज एका ओळीत लिहायचं: काल नव्हतं असं आज काय दिसलं. पुढंही वर्षभर ती वही चालायची. अण्णा ती दर शनिवारी वाचत, चहा पीत. स्नेहलच्या वहीत मजा असे. 'कादरचाचा आज गाणं म्हणत नव्हते.' 'दोन नंबरच्या पंख्याचा आवाज जाडा झालाय.' त्या पंख्याचं बेअरिंग पंधरा दिवसांनी गेलं होतं.

वही आली. अण्णांनी चष्मा लावला. आजच्या तारखेसमोर, नऊ वाजून पन्नास मिनिटं अशी वेळ टाकून, गोल अक्षरात लिहिलं होतं: 'पेटीवरची भोकं साफ केली. डावीकडून तिसऱ्या भोकातून तार बाहेर आली तर तिला वाळू चिकटलेली. बाकी अकरांतून कोरी.'

साच्यातली हवा आणि वाफ बाहेर पडावी म्हणून वरच्या पेटीला बारा भोकं ठेवलेली असतात. ओतण्याआधी त्यांत तार घालून ती मोकळी करणं हे नव्या माणसाचं काम. हजार वेळा होणारं काम. तारेला वाळू क्वचितच चिकटते, आणि कोरडी वाळू तर चिकटतच नाही.

अण्णांनी ओळ पुन्हा वाचली. मग हळूच विचारलं, "हे लिहिलंस. मला सांगितलं का नाहीस?"

"लिहिलं ना अण्णा," स्नेहल म्हणाली. "लिहिलं म्हणजे सांगितलंच, असं वाटलं. तुम्ही वाचताच."

शनिवारी. मी शनिवारी वाचतो, असं अण्णांच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. तेरा वर्षं ते पोरांना पाहायला शिकवत होते, पाहिलेलं लिहायला लावत होते, आणि ते लिहिलेलं शनिवारच्या चहापर्यंत बंद करून ठेवत होते. मंगळवारी दिसलेलं पाणी शनिवारपर्यंत थांबत नाही. ही चूक एवढी साधी होती की तिच्याकडे पाहताना त्यांना चष्मा काढावा लागला.

"मग वाजवलीस कशी?" उज्वलाताईंनी विचारलं. त्या कधी जवळ आल्या ते कळलं नव्हतं.

स्नेहलनं खांदे उडवले. मग, बोलायला काहीतरी धागा सापडल्यासारखी, म्हणाली, "आमच्याकडं चांदवडला कांदाचाळीत कांदा भरलेला असतो ना, ताई. वरून चांगला दिसतो. आई नुसता हात घालती आत, आणि एका जागी थांबती. म्हणती इथं खाली सडलाय. कसं कळलं विचारलं तर चिडती. म्हणती, आधी काढ, मग विचार." ती थांबली. "ती तार माझ्या हातातच राहिली होती, ताई. लॅडल येईपर्यंत. ठेवायची विसरले."

कादरभाई हे सगळं ऐकत होते. ते पेटीकडे गेले. साच्याच्या पोटात कोअर बसवलेला होता. कोअर म्हणजे वाळूचाच पक्का ठोकळा, ज्याच्यामुळे लोखंडात हवी तिथं पोकळी राहते; वाफेची भोकं त्याच्याही आत गेलेली असतात. वाळू मोडली तरी तो शाबूत होता, आणि पुढच्या साच्यात वापरता आला असता. तो घडवायला त्यांना दीड दिवस लागला होता. कादरभाईंनी डावीकडून तिसरं भोक कुठं येतं ते बोटानं मोजलं, बरोबर त्याच्या खालच्या जागी छिन्नी टेकवली आणि हातोडा उचलला.

"चाचा, अहो ऱ्हाऊ द्या!" स्नेहल ओरडली.

"बेटी, तू साडेआठशे किलो थांबवलं," कादरभाई म्हणाले. "हा तर चाळीस किलोचा आहे."

तीन घावांत कोअर फुटला. मुस्तकीमनं तोंडातली सुपारी गिळली. अण्णांनी या माणसाला बावीस वर्षं पाहिलं होतं. स्वतःच्या कामावर त्यानं हातोडा घातलेला पाहिला नव्हता. जुना माणूस नव्यासाठी किती लांब येऊ शकतो, याचा त्यांनी मनात एक अंदाज बांधून ठेवला होता. तो अंदाज फार तोकडा निघाला.

कोअरच्या आत, पृष्ठभागापासून चार बोटं खोल, तळहाताएवढा एक डाग होता. बाकी वाळूपेक्षा गडद. सगळे वाकले. देवरेही वाकले.

"पाणी?" उज्वलाताईंनी विचारलं.

कादरभाईंनी डागाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. बराच वेळ. "सांगता येत नाही. वाळूला धरणारं रेझिन नीट मिसळलं नसेल तरी असं दिसतं. या पावसाळी हवेत पाणीही असेल." त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "खोटं नाही बोलणार. मला कळत नाही."

डागाचा तुकडा आणि बाजूचा कोरडा तुकडा वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून सातपूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. तिकडून सांगितलं, शुक्रवारी दुपारपर्यंत.

देवरे निघताना गाडीजवळ थांबले. अण्णा त्यांना सोडायला गेले होते.

"गांगुर्डेसाहेब, तिच्याआधी कितीजणांनी वाजवली ही शिट्टी?"

"कुणीच नाही."

"तेरा वर्षांत?"

"तेरा वर्षांत."

देवरेंनी पावसानं भिजलेल्या गाडीचं दार उघडलं. "मी तिच्याएवढा होतो तेव्हा," ते म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही. "शुक्रवारी येतो. साडेदहाला ठेवा."

संध्याकाळी पाळी सुटली. स्नेहलनं डबा पिशवीत टाकला आणि खांबापाशी जाऊन शिट्टी खिळ्याला अडकवली. ओतकाम पुढं ढकललं गेलं तर नव्या माणसानं ती घरी न्यायची असा रिवाज होता. अण्णांनी लांबून पाहिलं.

"न्यायची राहिली का?"

"ठेवली, अण्णा." ती वळली नाही. "नंतर कुणीतरी येईल ना नवीन. त्याला द्या."

"कुणी काही बोललं का?"

"बोलायचं काय. मुस्तकीमदादा बोलला ते मस्करीच होती. माझंच..." तिनं पिशवीचा बंद पिळला. "ते प्रयोगशाळेतनं कोरडं आलं तर? कादरचाचांनी दीड दिवस घातलेला कोअर फोडला. मला कारणही सांगता येत नव्हतं, तरी फोडला. पुढच्या वेळी परत तसं झालं तर मी वाजवीन का, मला माहीत नाय. आणि वाजवणार नसंल तर गळ्यात कशाला घालू?"

याला उत्तर म्हणून अण्णांच्या जिभेवर तीन वाक्यं आली. तिन्ही समजुतीची होती. तिचा प्रश्न त्या तिन्हींहून मोठा होता, म्हणून त्यांनी ती सोडून दिली.

"कोरडं आलं तरी नियम तोच," शेवटी एवढंच म्हणाले. "शिट्टी तुझी. दुसऱ्याच्या गळ्यात मी घालणार नाही. तुझ्याही घालणार नाही. तू घ्यायचीस."

"आणि नाय घेतली तर?"

"तर भट्टी कलणार नाही."

ती हसली, पण पुरतं नाही. "पुण्याचे साहेब येणारेत शुक्रवारी."

"येऊ देत. खुर्ची देऊ बसायला."

बुधवारपासून एक बदल झाला. भट्टीशेजारी एक छोटं टेबल आलं आणि त्यावर नव्या माणसाची वही. ओतण्याआधी अण्णा, कादरभाई आणि उज्वलाताई, तिघांनी आजची ओळ वाचून खाली सही करायची. मुस्तकीमनं विचारलं, "आम्ही लिहिलं तर चालंल का वहीत? जुन्यांनी?" उज्वलाताई म्हणाल्या, "तुला दिसतं का काही?" सगळे हसले, मुस्तकीम सगळ्यांत जास्त, आणि गुरुवारी वहीत त्याच्या वाकड्या अक्षरात एक ओळ होती: 'क्रेनची साखळी मधोमध गरम लागते.' साखळी उतरवून पाहिली. एक कडी घासली होती. ती बदलली. कुणी त्यावर भाषण केलं नाही.

कादरभाई मंगळवार दुपारपासून उशिरापर्यंत थांबून नव्या साच्यावर होते. या वेळी त्यांनी स्नेहलला जवळ बसवलं. कोअरची वाळू मिसळताना ते प्रत्येक टप्प्याला तिला हात घालायला लावत. "हात घाल. आता? आता काय लागतं?" ती डोळे मिटून सांगायची. कधी बरोबर, कधी चूक. चूक झाली की कादरभाई म्हणायचे, "फिरसे," आणि पहिल्यापासून सुरू. अण्णा येता-जाता पाहायचे. बावीस वर्षांत कादरभाईंनी हे कुणाला दाखवलं नव्हतं, पुतण्यालाही नाही. विचारलंच नव्हतं कुणी, असं ते म्हणाले.

या दोन दिवसांत शिट्टी खिळ्यावरच होती.

शुक्रवार उजाडला. देवरे सव्वादहाला आले. प्रयोगशाळेत फोन केला तर म्हणाले, दुपारी. उज्वलाताईंनी विचारलं, थांबायचं का अहवालापर्यंत? अण्णा म्हणाले, "हा साचा नवा, कोअर नवा. अहवाल जुन्याचा येणार. त्याच्यावर आज काही अडलेलं नाही." मग जरा थांबून, "ज्याच्यावर अडलंय ते दुसरं आहे."

दहा वाजून वीस मिनिटांनी भट्टी तयार झाली. तेराशे पंच्याऐंशी अंश. झाकणाच्या फटीतून पांढरा उजेड सांडत होता. वही वाचून झाली होती. तिच्यात आजची ओळ होती: 'बारा भोकं. बाराही वेळा तार कोरी. हात घालून पाहिलं.' तीन सह्या झाल्या. कादरभाईंनी तिसरी सही उर्दूत केली आणि वर तारीख घातली.

साडेदहा वाजले. मुस्तकीम बटणं धरून उभा. अठरा माणसं आपापल्या जागी. देवरेंना खुर्ची दिली होती, ते बसले नव्हते. कुणी स्नेहलकडे पाहत नव्हतं, आणि पाहत नाही हे सगळ्यांना कळत होतं.

ती पेटीवर चढून वाकली होती. साफ केलेली भोकं पुन्हा एकदा तपासत होती, डावीकडून उजवीकडे. तिसऱ्यापाशी जास्त वेळ थांबली. तार बाहेर काढली, उजेडात धरली, पुसली.

दहा पस्तीस. वीजमीटर फिरत होता. तयार लोखंड नुसतं धरून ठेवायलाही भट्टी वीज खाते. उज्वलाताई ते जाणून होत्या. त्यांनी हेल्मेट काढून केस नीट केले आणि ते पुन्हा घातलं. अण्णांचं सगळं आयुष्य लोखंड वेळेत ओतण्यात गेलं होतं. आज पहिल्यांदा ते पेटलेल्या भट्टीशेजारी हात पाठीमागं बांधून थांबले होते, वीस वर्षांच्या मुलीसाठी, आणि त्यांच्यासारखीच अठरा माणसं थांबली होती. शेडमध्ये असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. वहीत लिहावं असं ते होतं, आणि वाचायला शनिवारपर्यंत थांबू नये असंही.

दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी स्नेहल पेटीवरून खाली उतरली. तार तिनं टेबलावर ठेवली. खांबापर्यंत चालत गेली आणि उजवा हातमोजा काढून खिळ्याकडे हात नेला.

प्रयोगशाळेचा फोन अजून आला नव्हता. शिट्टी खिळ्यावर होती.